४२ अंशांचा चॉपर पुन्हा रस्त्यावर: क्लासिक ३५०च्या कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

गाडी आज शेडवर आली, तीही टेम्पोतून. मावसभावाने ती हौसेने विकत घेतली, फोटो काढले, मित्रांना दाखवली आणि मग ती घरासमोर उभीच राहिली. कोल्हापुरातल्याच गंगावेशीपर्यंत नेली की परत आणायला धास्ती वाटते, असं तो म्हणतो. त्याचं मागणं सरळ आहे: "दादा, मला ही रोज चालवायची आहे. कामाला जाताना, पन्हाळ्याला जाताना. काय करावं लागेल ते करू."

कागदावर ही २०१४ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, एमएच ०९ पासिंग, रंग काळा. डोळ्यांसमोर मात्र मरून रंगाचा लांबलचक चॉपर. नेक (हँडल जिच्यात फिरतं ती चेसीची पुढची नळी) कापून मागे झुकवलेली, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळ्या वर जोड लावून वाढवलेल्या, पुढे २१ इंची बारीक चाक, मागे २०० सेक्शनचा म्हणजे २०० मिलिमीटर रुंद टायर, शॉकअपच्या जागी लोखंडी दांडे. पुढचा ब्रेक काढून टाकलेला. हँडल खांद्यांच्या वर. सायलेन्सर म्हणजे नुसता सरळ पाइप.

दिसायला गाडी देखणी आहे, हे आधी सांगतो. ज्याने बनवली त्याची नजर चांगली होती. पण ती चालते का, वळते का, थांबते का, हे बघायचं तर मापच घ्यावं लागेल. अशी गाडी ज्यांच्याकडे आहे किंवा जे बनवायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी या नोंदी ठेवतो आहे.

१३ नोव्हेंबर

दिवसभर फक्त मापं. लागतं ते एवढंच: मॅग्नेटवाला डिजिटल कोनमापक, ओळंबा, खडू, लांब पट्टी आणि दोरी.

गाडी सरळ उभी करून नेकचा कोन घेतला. उभ्या रेषेपासून ४२ अंश. शेजारच्या पोराची साधी क्लासिक आणून तिचा घेतला तर २८च्या आतबाहेर.

मग ट्रेल. नेकच्या मधून जाणारी रेघ जमिनीला जिथे टेकते आणि टायर जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. नेकच्या बाजूला सरळ पट्टी धरून जमिनीवर एक खूण, चाकाच्या अॅक्सलमधून ओळंबा सोडून दुसरी. साध्या गाडीवर ९६ मिलिमीटर आलं, आपल्या गाडीवर २१६. हा आकडा बघितल्यावर मावसभावाला धास्ती का वाटते ते कळलं. ट्रेल जास्त म्हणजे गाडी सरळ रस्त्यावर आपोआप सरळ राहते, हे खरं. पण एवढा ट्रेल आणि एवढा कोन एकत्र आले की हळू वेगात हँडल जरा वळवलं तरी पुढचा भार ते आणखी आत खेचतो. गाडी वळत नाही, कोसळते.

चाकांमधलं अंतर १७५० मिलिमीटर. कंपनीचं १३७०. मागचं चाक धरणारा स्विंगआर्मही दहा सेंटीमीटर वाढवलेला निघाला, कारण २०० सेक्शनचा टायर त्याशिवाय बसलाच नसता. इंजिनखालची मोकळी जागा ९५ मिलिमीटर.

मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत दोरी ताणली तर मागचं चाक चेसीच्या मध्यापासून २२ मिलिमीटर एका बाजूला. चेन टायरला घासू नये म्हणून सरकवलेलं. ही गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दोरी लावल्याशिवाय कळत नाही.

१७ नोव्हेंबर

आज चालवून बघितली. रस्त्यावर नाही. गोकुळ शिरगावच्या एका ओळखीच्या कारखान्याचं आवार सुट्टीमुळे मोकळं होतं, तिथे. विमा संपलेला, पुढे ब्रेक नाही, अशी गाडी हायवेवर काढायची नाही हे पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

वळण: हँडल पूर्ण तोडून, पाय खाली घासत, खडूने वर्तुळ काढलं. व्यास नऊ मीटरला थोडा कमी. आमच्या शेडची गल्ली सहा मीटरची आहे. म्हणजे ही गाडी आपल्या गल्लीत एका दमात फिरूच शकत नाही. साधी क्लासिक चार मीटरमध्ये फिरते.

ब्रेक: ताशी ४० किलोमीटरवरून मागच्या ड्रमवर थांबायला १७ मीटर. ड्रमला दोष नाही, तो १५३ मिलिमीटरचा मूळचाच आहे. पण ब्रेक लावला की वजन पुढे जातं आणि खरं थांबवायचं काम पुढचं चाक करतं. ते कामच इथे काढून घेतलंय.

गतिरोधक: इंडियन रोड काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. एवढा पसरट उंचवटा असेल तर हा चॉपरही पोट न घासता पार होईल. पण आपल्या गल्लीबोळांत असतात ते अर्ध्या-पाऊण मीटरचे आखूड उंचवटे. कारखान्याच्या गेटवर तसलाच एक आहे. इंजिनखालचा पाइप त्याच्यावर सरळ बसला.

फोर्क: डाव्या नळीवर केबल टाय घट्ट बांधला. तो फोर्क किती दबला ते दाखवतो. त्याच उंचवट्यावरून गेल्यावर टाय फक्त २५ मिलिमीटर सरकला. फोर्क सरकायच्या ऐवजी अडकतो आहे. नळी इतकी आडवी आहे की धक्क्याचा मोठा भाग नळीच्या दिशेने न जाता तिला वाकवायला जातो. मागे तर दांडेच, त्यामुळे धक्का थेट कमरेत.

सरळ पट्ट्यावर मात्र गाडी छान जाते, हेही लिहून ठेवतो. चॉपर ज्या देशात वाढला तिथे मैलोन्मैल सरळ रस्ते आहेत. आपल्याकडे रंकाळा ते शिवाजी पूल एवढ्यातच किती वळणं, किती खड्डे, किती रिक्षा.

२४ नोव्हेंबर

कायद्याची बाजू आज नीट वाचली आणि मावसभावालाही वाचायला लावली. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२ए बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं म्हणतं. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या. या गाडीवर बदल मोजायला बसलं तर दंडातच दुसरी गाडी येईल.

शिवाय विमा. बदल कळवलेला नसेल तर कंपनी दावा नाकारू शकते. समोरच्या माणसाला लागलं तर भरपाई शेवटी आपल्या खिशातून जाऊ शकते. हा विचार मला दंडापेक्षा जास्त टोचतो.

एक गोष्ट सुदैवाची. चेसी नंबर नेकवर ठोकलेला असतो आणि तो शाबूत आहे. कापाकापी त्याच्या मागच्या नळ्यांत झालीय. म्हणून दुसरी चेसी टाकायची कल्पना पहिल्याच झटक्यात बाजूला ठेवली. चेसी बदलली की आरसीवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर यांचं नातंच तुटतं.

१ डिसेंबर

मावसभावाला लांब फोर्कचा लूक सोडवेना. म्हणून चेसीला हात न लावता ट्रेल कमी करायचा रस्ता बघतोय: कोनाच्या टी. टी म्हणजे फोर्कच्या नळ्या नेकला धरून ठेवणारे वरचा आणि खालचा असे दोन तुकडे. साध्या टीमध्ये फोर्कच्या नळ्या नेकला समांतर असतात. टीमध्येच नळ्या पाच अंश पुढे झुकवल्या की अॅक्सल पुढे जातो आणि ट्रेल घटतो. हिशोब मांडला: नेक ४२, नळ्या ४७, ट्रेल २१६वरून ११७च्या आसपास. आकडा तर रोजच्या गाडीच्या जवळ गेला.

उद्यमनगरात एका व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून वरची आणि खालची टी काढायला दिली. १८,००० रुपये. कोल्हापुरात हे काम सहज होतं. ज्या गल्ल्यांनी ऑइल इंजिनचे सुटे भाग बनवत हात तयार केला, तिथे टी काढणं म्हणजे काही मोठी गोष्ट नाही.

१६ डिसेंबर

टी बसवल्या, पुन्हा आवारात गेलो. हळू वेगात हँडल खरंच हलकं झालं. आठचा आकडा पाय न टेकता काढता आला. तेवढाच फायदा.

बाकी सगळं आणखी बिघडलं. नळ्या ४७ अंशांवर गेल्याने गाडी आणखी पाच सेंटीमीटर लांब झाली, वळायला जागा जास्त लागायला लागली. त्याच उंचवट्यावर केबल टाय या वेळी २५चासुद्धा सरकला नाही. आणि मला सगळ्यात खटकलं ते फोर्कचे जोड. वाढवलेल्या नळ्यांचा वरचा तुकडा आट्यांनी बसवलेला आहे आणि आटे बरोबर वरच्या टीच्या खाली येतात. पुढे डिस्क लावली की ब्रेकचा सगळा जोर तिथेच येणार. ३५ मिलिमीटरची नळी, तीही जोडाची, आणि लांबी पाऊण मीटरच्या वर. ब्रेक लावून बघायची गरजच नव्हती.

कोनाच्या टी ट्रेल सुधारतात, पण लांबी, अडकणारा फोर्क आणि कमकुवत जोड हे तिन्ही दुखणी तशीच ठेवतात. पैसे गेले, पंधरवडा गेला. ज्यांना हा मार्ग स्वस्त वाटतोय त्यांनी १८,००० वाचवावेत.

संध्याकाळी मावसभावाशी बोललो. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "नेक मूळ जागेवर आणूया. लूक मागच्या बाजूने जपू."

२२ डिसेंबर

इंजिन उतरवलं, चेसी उघडी केली, रंग काढला. रंगाखाली जे निघालं ते सविस्तर लिहितो, कारण अशी गाडी विकत घेणाऱ्याला हे कळायला हवं.

नेकच्या मागे दोन्ही बाजूंना त्रिकोणी पट्ट्या वेल्ड केलेल्या. वरून गुळगुळीत, इतक्या की जोड कुठे हे कळत नव्हतं. वायर ब्रश मारला तसा रंगाबरोबर पुट्टीचा जाड थर सुटून आला. खाली वेल्ड सलग नव्हतंच. खालच्या नळीत जिथे फट मोठी राहिली होती तिथे बांधकामाच्या सळीचा तुकडा भरून त्यावर वेल्डचे ठिपके टाकले होते. ग्राइंडरने वरचा फुगवटा सपाट केलेला, म्हणजे होतं नव्हतं तेवढं वेल्डही निम्मं घासून गेलेलं.

फौंड्रीत कास्टिंगच्या तडा बघायला वापरतात ती डाय पेनिट्रंट तपासणी इथे करून घेतली. खर्च १,२०० रुपये. आधी क्लीनरने भाग पुसायचा, मग लाल द्रव फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा. मग फडका क्लीनरमध्ये ओला करून वरचा लाल पुसायचा. क्लीनर थेट फवारायचा नाही, नाहीतर तडेत मुरलेलाही धुऊन जातो. शेवटी पांढरा डेव्हलपर. पांढरा थर वाळत आला तशी डाव्या पट्टीच्या टोकापासून खालच्या नळीवर एक बारीक लाल रेघ उमटायला लागली. बघता बघता ती बोटाच्या पेरापेक्षा लांब झाली. तपासणी करणारे काका रोज शेकडो कास्टिंग बघतात, तेही खाली वाकून बघत राहिले. "ही कुणी चालवत होतं?" एवढंच त्यांनी विचारलं.

मावसभावाने ही रेघ स्वतःच्या डोळ्यांनी बघितली हे बरं झालं. त्यानंतर लांब फोर्कचा विषय निघाला नाही.

५ जानेवारी २०२५

जिगचं काम. जाड चॅनेलचा सांगाडा करून त्यावर चेसी स्विंगआर्मच्या बोल्टावर आणि इंजिनच्या माउंटिंगवर पकडली. नेकमध्ये दोन्ही बाजूंनी शंकूच्या आकाराचे तुकडे घालून ६०० मिलिमीटरचा लेथवर काढलेला रॉड घातला. रॉडचं टोक नेकची दिशा कितीतरी मोठी करून दाखवतं. नेकवर अर्धा मिलिमीटर कळत नाही, टोकाला लगेच कळतो. मापं साध्या क्लासिकवरून घेतली होती, पुन्हा एकदा तपासली.

जुन्या माणसाने घातलेलं सगळं कापून काढलं. वरची आणि खालची नळी चांगला धातू लागेपर्यंत मागे घेतली. मूळ नळीच्याच व्यासाचा सीमलेस पाइप, आत बसेल अशी घट्ट स्लीव्ह. स्लीव्ह लेथवाल्या मामांनी काढल्या. मी म्हटलं, "मामा, थोडी सैल ठेवली तर घालायला सोपी जाईल." त्यांनी मान हलवली. "सैल न्हाई ठेवायची. हातोडीनं जाईल तेवढीच. सैल ठेवली की मग जोड असून नसून सारखाच." मामांचं ऐकलं.

स्लीव्हवर नळीला भोकं पाडून आधी भोकांतून वेल्ड, मग कडेचा सांधा. सगळं टिग, म्हणजे गॅसच्या आवरणाखाली होणारं बारीक वेल्डिंग. साध्या रॉडच्या आर्क वेल्डिंगवर हे काम करू नका. चेसीचं वेल्ड रोज हेच काम करणाऱ्याकडून घ्या. मी स्वतः टाके (तात्पुरते वेल्डचे ठिपके) सोडून वेल्डिंगच्या टॉर्चला हात लावला नाही.

८ जानेवारी

वेल्ड थंड झाल्यावर रॉडचं टोक चार मिलिमीटर उजवीकडे गेलेलं. नळीची एक बाजू सलग वेल्ड करत गेल्याने ती बाजू आक्रसली आणि नेक ओढली गेली. चार मिलिमीटर ऐकायला काही नाही, पण ही गाडी हात सोडल्यावर कायम एका बाजूला खेचत राहिली असती.

हीट करून वाकवून सरळ करायचा सल्ला एकाने दिला. ते केलं नाही. वरच्या नळीचा एक सांधा पुन्हा कापला.

१२ जानेवारी

या वेळी चार बाजूंना टाके, माप, मग समोरासमोरच्या बाजूंना थोडं थोडं वेल्ड, मध्ये पूर्ण थंड होऊ द्यायचं. वेल्डर चहा पिऊन आला तरी नळी हाताला गरम लागली तर पुढचा टाका नाही. अर्ध्या तासाचं काम अख्खा दिवस चाललं. शेवटी रॉडच्या टोकाला एक मिलिमीटरपेक्षा कमी. कोन २८. पुन्हा पेनिट्रंट मारला, पांढरा थर पांढराच राहिला. वेल्ड घासून गुळगुळीत केलेलं नाही आणि करणारही नाही.

१९ जानेवारी

पुढचा भाग. मूळ ३५ मिलिमीटरचा फोर्क, मूळ टी, नवीन बॉलरेसर (नेकमधलं बेअरिंग), १९ इंची चाक, २८० मिलिमीटरची डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर. यात लिहिण्यासारखं फार नाही, बसणाऱ्याच वस्तू आहेत. वेळ गेला तो ब्रेकच्या होजमध्ये, म्हणजे ऑइलच्या नळीत. आधी लांब फोर्कसाठी मागवलेला होज घरात पडून होता. तो लावला तर मडगार्डला घासत होता. मूळ मापाचा आणायला लागला.

हँडल मध्यम उंचीचं घेतलं. हात खांद्याच्या खाली राहतात. आधीच्या हँडलवर दहा मिनिटांत बोटं बधिर व्हायची, कारण रक्त वर चढवायला लागतं आणि वारा सगळा छातीवर येतो.

२८ जानेवारी

मागचा भाग. मूळ लांबीचा स्विंगआर्म जुन्या बाजारातून मिळाला, बुश नवीन. दांडे काढून शॉकअप बसवले. ११०/९० १८चा टायर. दोरी लावली तर मागचं चाक चेसीच्या मध्यावर. चेन सरळ.

रुंद टायरबद्दल एक सांगतो, कारण पोरांची सगळ्यात मोठी हौस तीच आहे. या इंजिनाची ताकद २० बीएचपीच्याही आत. २०० सेक्शनचा टायर ती ताकद रस्त्यावर जास्त उतरवत नाही, कारण कमी पडत होता तो टायर नव्हता. उलट गाडी वळणात झुकवायला जोर लागतो, कारण टायरचा टेकणारा भाग मध्यापासून लांब कडेला सरकतो आणि गाडीला पुन्हा सरळ उभं करायला बघतो. पुढे बारीक, मागे रुंद, म्हणजे दोन चाकं दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात.

४ फेब्रुवारी

सायलेन्सर मूळचा. सरळ पाइपसाठी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारे मोठे जेट घातले होते, ते काढून मूळ मापाचे घातले. तसं केलं नसतं तर पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या वर गेला असता. आवाजाची मर्यादा १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला ८० डेसिबल आहे. गाडीचा ठोका अजूनही बुलेटचाच आहे, फक्त शेजारच्या म्हातारीची झोप मोडत नाही.

वायरिंग सगळं नवीन ओढलं. आधीचं हँडलच्या पोकळीतून नेलेलं होतं आणि कडेला सोलवटलं होतं.

लूक जपायची जागा म्हणजे सीट आणि मागचा मडगार्ड. आरसीवर दोन माणसं आहेत, म्हणून नुसती एकट्याची सीट ठेवता येत नाही. पुढे स्प्रिंगची बसकी सीट, मागे बोल्टने घट्ट बसणारी वेगळी लहान सीट, मागच्याला धरायला पट्टी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि अर्धं चाक झाकणारा साडी गार्ड. या तिन्ही गोष्टी नियमातच आहेत. साडी गार्ड आम्ही चौकोनी सळीचा बारीक जाळीत केला आणि गाडीला तो शोभतो. सीटचं चामडं चपला करणाऱ्या एका कारागिराकडून शिवून घेतलं. कडेची वेणी त्याने हाताने घातलीय. पावसात कव्हर घालावं लागेल, त्याला इलाज नाही.

टाकी मूळची १३.५ लिटरची परत बसवली. लहान टाकी दिसायला छान होती, पण साडेसहा लिटरवर पुणं काही गाठता येत नाही, आणि तिचे ब्रॅकेट त्याच कापलेल्या नळीवर होते. रंग काळा, आरसीवर आहे तसा.

९ फेब्रुवारी

तेच आवार, तोच उंचवटा, तोच खडू.

चाकांमधलं अंतर १३७२. ट्रेल ९७. वळण चार मीटरपेक्षा जरा जास्त. ताशी ४०वरून थांबायला नऊ मीटर. केबल टाय ८० मिलिमीटर सरकला. पोट कुठे घासलं नाही.

मावसभावाने पहिली फेरी मारली आणि आवारातच पाय न टेकता वळून परत आला. हे तो पहिल्यांदाच करत होता.

१४ फेब्रुवारी

विमा कंपनीच्या माणसाने गाडी बघितली, चेसी आणि इंजिन नंबरचे फोटो घेतले. मूळ मापं, नेकच्या दुरुस्तीचे फोटो, पेनिट्रंटचा कागद हे सगळं आम्ही स्वतःहून दाखवलं. लपवून घेतलेला विमा काय कामाचा. पॉलिसी झाली, पीयूसी झाली, हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागली.

१६ फेब्रुवारी

पन्हाळा. शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली, वाघबीळ, वर. वीसेक किलोमीटर. ऊस तोडणी चालू असल्याने रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि खाली सांडलेला ऊस. केर्लीजवळ एक ट्रॉली अचानक आडवी आली, पुढचा ब्रेक लावून गाडी वेळेत थांबली. त्या जागी जुना चॉपर असता तर काय झालं असतं, हा हिशोब १७ आणि नऊ मीटरमध्ये आहे.

घाटात गाडी सहज झुकते. उतरताना दुसऱ्या गियरवर, ब्रेक तापला नाही. परत आल्यावर नेकचे सांधे टॉर्चने बघितले, रंगाला कुठे केसाएवढीही तडा पडलेली नाही. मागच्या सीटवर मी बसून आलो. ती जरा टणक आहे, फोम बदलायला हवा.

पन्हाळ्यावर दोन पोरं गाडीभोवती फिरली. "चॉपर कधी करणार?" असं त्यांनी विचारलं. मावसभावाने मोबाइलवरचा लाल रेघेचा फोटो काढून त्यांना दाखवला आणि सविस्तर समजावून सांगितलं. मी नुसता ऐकत होतो.

२३ फेब्रुवारी

खर्च, एकेक करून. वाया गेलेल्या टी १८,०००. जिग, पाइप, लेथ आणि वेल्डिंग १४,५००, यातच दुसऱ्यांदा कापलेला सांधा आला. तपासणी १,२००. फोर्क आणि टी १३,०००. पुढचं चाक आणि ब्रेक १६,५००. मागचं चाक आणि टायर ९,५००. शॉकअप ५,२००, स्विंगआर्म ६,०००. सायलेन्सर आणि जेट ५,५००. वायरिंग ४,५००. मडगार्ड, गार्ड, सीट ९,०००. रंग ८,५००. एकूण १,११,४०० रुपये, विमा आणि टेम्पो वेगळे. माझी मजुरी यात नाही.

हा आकडा बघून कुणी म्हणेल की एवढ्यात चांगली जुनी क्लासिक मिळाली असती. मिळाली असती. पण ही गाडी तशीच विकली असती तर ती तडा गेलेली नळी दुसऱ्या कुणाच्या तरी पोराच्या पायाखाली गेली असती. मला ते नको होतं.

प्रदर्शनासाठी टोकाचा चॉपर बनवायला माझा काही विरोध नाही. तसलं वेल्डिंग, तसला रंग बघायला मला स्वतःला आवडतं. पण ती गाडी ट्रेलरवरून न्यायची आणि ट्रेलरवरूनच आणायची. रस्त्यावर चालवायची असेल तर नेक, फोर्क, ब्रेक, शॉकअप आणि टायर यांना हात लावायचा नाही. सीट, मडगार्ड, चामडं, साडी गार्ड, इंजिनचं पॉलिश, एवढ्या जागा हौसेला पुरतात, फक्त आरसीशी जुळल्या पाहिजेत.

वाढवलेल्या फोर्कच्या नळ्या एकाने विकत मागितल्या होत्या. त्या दिल्या नाहीत. ग्राइंडरने तुकडे करून भंगारात घातल्या. २०० सेक्शनचा टायर आणि रिम ठेवून दिलीय, तिचं पुढे बघू.

बाकी कामं: मागच्या सीटचा फोम. बॉलरेसरचा ताण ५०० किलोमीटरनंतर पुन्हा बघायचा. पावसाळ्यापूर्वी टाकी काढून नेकच्या सांध्यांवर पुन्हा पेनिट्रंट मारायचा, त्यासाठी तिथला रंग थोडा खरवडावा लागेल. काय निघतं ते इथेच लिहीन.